बाजारातला साक्षीदार, थडग्यातला न्यायाधीश: एलामचा देव इन्शुशिनाक

मेलेला माणूस वाटेला लागला आहे. त्याच्या पुढे दोन देवता चालताहेत, इश्नीकराब आणि लागामाल. वाटेत अंधारं घर लागतं, दलदल लागते, पाण्याचा थेंब नसलेला माळ लागतो. वाट संपते तिथे, जमिनीखालच्या खड्ड्यात, इन्शुशिनाक नावाचा देव आहे. तो शब्द उच्चारतो आणि तोच निवाडा. तिथे आणखी कुणीतरी आहे. त्याला ‘तोलणारा’ म्हटलं आहे.

इराणच्या नैर्ऋत्य भागातल्या सुसा शहरात, म्हणजे प्राचीन एलाम राज्यात, मातीच्या सात छोट्या पाट्या सापडल्या, त्यांच्यावर हे वर्णन आहे. पाट्या इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या, म्हणजे साडेतीन हजार वर्षांहून जुन्या. ‘एलामी लोक मृत्यूनंतरच्या न्यायावर विश्वास ठेवत’ असं जेव्हा कुठे लिहिलेलं दिसतं, तेव्हा त्याचा मुख्य आधार या सात पाट्याच असतात. सगळ्यांचा मिळून मजकूर छापला तर एखाद-दुसरं पान भरेल. एवढ्याशा मजकुरावरून एका अख्ख्या समाजाची श्रद्धा कशी उलगडायची?

मला त्याची वाट सापडते ती सुसाच्या लोकांच्या खरेदीखतांत. शेताची विक्री, भावांमधली वाटणी, बायकोच्या नावे केलेलं बक्षीसपत्र, अशा शेकडो दस्तांच्या मातीच्या पाट्या तिथे सापडल्या आहेत. त्या दस्तांमध्ये ज्या देवांच्या नावाने शपथ घातली आहे, त्यांच्यातलेच देव मेलेल्या माणसाला वाटेत भेटतात. एलामचा मृत्यूनंतरचा न्याय समजून घ्यायचा तर आधी जिवंतपणीचा न्याय पाहावा लागतो.

एलाम कुठे होतं

आजच्या इराणचे खुझिस्तान आणि फार्स हे प्रांत म्हणजे ढोबळ मानाने एलाम. एका बाजूला कारखे आणि देझ नद्यांचं उष्ण, सपाट, सुपीक मैदान. तिथे सुसा, आजचं शूश. दुसऱ्या बाजूला झाग्रोसच्या रांगांमधला उंच प्रदेश; तिथे अन्शान हे दुसरं मोठं शहर. पुढच्या काळातले राजे स्वतःला ‘अन्शान आणि सुसाचा राजा’ म्हणवत, ते या दोन टोकांमुळे. मैदानातल्या सुसाची नाळ शेजारच्या मेसोपोटेमियाशी (आजच्या इराकशी) जुळलेली होती, तर अन्शानची डोंगराशी. सुसावर कधी मेसोपोटेमियातल्या अक्कदच्या राजांचं राज्य आलं, कधी तिथल्याच उर शहराच्या. त्यामुळे शहरात एलामी आणि अक्कदी या दोन्ही भाषा नांदल्या. आपल्या सात पाट्या अक्कदीत आहेत, खरेदीखतंही बहुतेक अक्कदीतच.

एलामी भाषेचं नातं कोणत्याच ज्ञात भाषेशी निश्चित जुळलेलं नाही. 1970च्या दशकात डेव्हिड मॅकअल्पिन या अभ्यासकाने ती द्राविडी भाषांची नातलग असल्याचं मांडलं. भारतात ही कल्पना पुष्कळांना आवडते, पण बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी ती स्वीकारलेली नाही. तिच्या आधारावर एलामी देव आणि दक्षिण भारतातले देव यांची नाती जुळवणं म्हणजे वाळूवर घर बांधणं. मी त्या वाटेला जात नाही.

देवांची मंडळी

इ.स.पू. 2250च्या सुमारास अक्कदचा राजा नरामसिन याने एका एलामी राजाशी करार केला. हा करार एलामी भाषेत आहे आणि त्याची सुरुवातच देवांना हाका मारून होते. पहिली हाक पिनिकिर या देवीला, मग हुंबान आणि इतर अनेक. ‘नरामसिनचा शत्रू तो माझा शत्रू, नरामसिनचा मित्र तो माझा मित्र’ असं वचन एलामी राजा या देवांसमोर देतो. एलामी भाषेतला आपल्या हाती आलेला हा सर्वांत जुना मोठा मजकूर, आणि तो शपथेचा आहे.

त्यातले सगळेच देव इथे सांगत बसायला नको. नापिरिशा म्हणजे ‘थोर देव’, डोंगराळ अन्शानचा. किरिरिशा म्हणजे ‘थोर देवी’. तिचं मोठं ठाणं आजच्या बुशहरजवळच्या लियान या बंदरात होतं. नाहुन्ते म्हणजे सूर्य. मान्झात ही इंद्रधनुष्याची देवी. इन्शुशिनाक मात्र सुसाचा ग्रामदेव; त्याच्या नावाचाच अर्थ ‘सुसाचा स्वामी’. एका शहराचा राखणदार असलेला हा देव पुढे राजघराण्याचा देव झाला आणि नापिरिशाच्या बरोबरीने पूजला जाऊ लागला.

एलामी धर्मातली एक कल्पना मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिला एलामीत ‘कितेन’ म्हणत, अक्कदीत ‘किदिन्नु’. देवाकडून येणारी संरक्षक सत्ता, असा तिचा अर्थ. राजाला ती देवाकडून मिळते आणि शहराला ती झाकून ठेवते. तिच्या आत राहणारा सुरक्षित, तिचा भंग करणारा उघडा पडतो. हा शब्द लोकांच्या नावांतही शिरला होता. बेहबहानजवळ अर्जान इथे 1982 साली एक दगडी थडगं सापडलं. आत ब्राँझची शवपेटी होती आणि सोन्याचं एक मोठं कडं; त्यावर नाव कोरलेलं होतं, किदिन-हुत्रान. हुत्रान हा देव, आणि ‘किदिन’ म्हणजे त्याचं छत्र.

जिवंतपणीचा न्याय

इ.स.पू. 2100च्या आसपास सुसावर पुझुर-इन्शुशिनाक नावाचा राजा होता. त्याने आपल्या शिलालेखात इन्शुशिनाकच्या देवळासाठी रोजचा शिधा नेमून दिल्याचं लिहिलं आहे: सकाळी एक मेंढा, संध्याकाळी एक मेंढा, आणि देवळाच्या दारात गाणारे गायक. त्याच लेखात तो सांगतो की आपण शहरात न्यायाने निवाडा केला. देवाचा नैवेद्य आणि शहरातला न्याय एकाच दगडावर, एकाच दमात.

त्यानंतर दोनेकशे वर्षांनी अत्ताहुशु या राज्यकर्त्याने सुसाच्या बाजारात न्यायाची म्हणून एक मूर्ती उभारली. ज्याला मालाचा रास्त भाव माहीत नसेल त्याला सूर्यदेव तो सांगेल, असं त्यामागचं म्हणणं होतं. धान्याच्या भावात देव लक्ष घालतो, ही कल्पना सुसाच्या माणसाला अजिबात विचित्र वाटत नव्हती.

आता खरेदीखतांकडे येऊ. ही साधारण इ.स.पू. 1900 ते 1500 या काळातली, म्हणजे एलामचे राज्यकर्ते ‘सुक्कलमह’ ही पदवी लावत त्या काळातली आहेत. मजकूर नेहमीचा: कुणी कुणाला किती चांदीला शेत विकलं, साक्षीदार कोण. शिक्का नसेल तर ओल्या मातीत नख उमटवायचं, तीच सही. मग शपथ येते. इन्शुशिनाकच्या नावाने, त्याच्याबरोबर राज्यकर्त्याच्या नावाने, आणि बऱ्याच ठिकाणी इश्नीकराबच्या नावानेही. ही तीच इश्नीकराब, जी मेलेल्या माणसापुढे वाट दाखवत चालते. तिच्या नावात ‘प्रार्थना ऐकली’ असा अर्थ आहे. तिच्या जोडीच्या लागामालच्या नावाचा अर्थ ‘दया न करणारा’. या दोघांच्या मागून जाणाऱ्या माणसाची काय अवस्था होत असेल, हे वेगळं सांगायची गरज नाही.

करार मोडणाऱ्याला काय शिक्षा? काही दस्तांत दंड आहे, काहींत हात आणि जीभ कापण्याची धमकी आहे: हात, कारण त्याने करारावर नख उमटवलं, जीभ, कारण तिने शपथ घेतली. त्यापुढे जाऊन काही ठिकाणी लिहिलं आहे की ज्याने हा करार मोडला त्याने इन्शुशिनाकच्या किदिन्नूला हात लावला, तो मरेल. फसवणूक झाली ती शेजाऱ्याची, पण अपराध झाला तो देवाच्या छत्राचा. दस्त लिहिणाऱ्या लेखनिकाने हे वाक्य ठरावीक साच्याने लिहिलं असेल, ते खरंच. पण साचा व्हायला आधी तो विश्वास लोकांत मुरलेला असावा लागतो.

दोघांच्या म्हणण्यात मेळ बसला नाही आणि साक्षीदारांनी भागलं नाही, तर वादी-प्रतिवादींपैकी एकाला नदीत उतरावं लागे. ही जलपरीक्षा मेसोपोटेमियातही होती. सुसाच्या दस्तांत तिच्याबरोबर शाझी या देवाचं नाव येतं: खोटं बोलणाऱ्याचं डोकं शाझीने भोवऱ्यात फोडावं. माणसांच्या न्यायालयाची मर्यादा जिथे संपली, तिथून देवाचं न्यायालय सुरू होत होतं. नदीत उतरलेला माणूस अर्धा त्या न्यायालयात पोहोचलेलाच असे.

एका दस्तातलं एक वाक्य मला विशेष जवळचं वाटतं. मालमत्ता एका स्त्रीला देताना देणारा अट घालतो: मी जिवंत आहे तोवर तू मला अन्न द्यायचंस, आणि मी मेल्यावर माझ्या नावाने तर्पणाचा विधी करायचास. तिथे ‘किस्पु’ हा शब्द आहे, म्हणजे मृतांना अन्नपाणी देण्याचा विधी. मेसोपोटेमियात हे काम बहुधा थोरल्या मुलाचं मानलं जाई. सुसात मात्र बायकांना वारसाहक्क मिळाल्याची, त्या साक्षीदार असल्याची आणि स्वतः व्यवहार करत असल्याची पुष्कळ उदाहरणं आहेत. त्यामुळे इथे मेल्यानंतरच्या पाण्याची जबाबदारी एका स्त्रीवर, तीही लेखी करारात, शपथेसह सोपवलेली दिसते.

सात पाट्यांवर नेमकं काय आहे

हम्मुराबीच्या कायद्यांचं पहिलं भाषांतर करणारे फ्रेंच विद्वान वॅन्सां शेय यांनीच या पाट्या अभ्यासकांसमोर आणल्या. त्यानंतर त्या पुन्हा पुन्हा वाचल्या गेल्या. 2019 साली नॅथन वॉसरमन यांनी सातही पाट्यांची नवी संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. पाट्या लहान, काही ठिकाणी तुटक्या, आणि त्यांची अक्कदी सुसाच्या वळणाची. त्यामुळे एकेका शब्दावर वाद आहेत.

त्यांतली सगळ्यांत सुंदर पाटी म्हणजे मेलेल्या माणसाच्या तोंडची विनवणी. तिचा आशय असा: चल माझ्या देवा, माझ्या स्वामी, मला अनुन्नाकींसमोर जाऊ दे. वाट पार करू दे. थोर देवांपुढे मी तुझा हात धरीन. निवाडा ऐकून तुझे पाय धरीन. अंधाऱ्या घरात तू उजेड करशील, दैन्याच्या दलदलीतून मला पलीकडे नेशील, तहानेच्या रानात मला पाणी देशील.

अनुन्नाकी म्हणजे मेसोपोटेमियाच्या कल्पनेतले पाताळात बसणारे थोर देव. विनवणी ज्याला उद्देशून आहे तो ‘माझा देव’ म्हणजे बहुधा त्या माणसाचा स्वतःचा कुळदेव. माणूस इथे एकटा उभा नाही. त्याचा देव त्याचा हात धरून त्याला दरबारात नेतो, ओळख करून देतो आणि निकाल लागेपर्यंत सोबत राहतो. त्या काळच्या मेसोपोटेमियातल्या आणि सुसातल्या शिक्क्यांवर हेच दृश्य कोरलेलं दिसतं: सिंहासनावर मोठा देव, त्याच्यासमोर भक्त, आणि भक्ताचं मनगट धरून त्याला पुढे आणणारी मध्यस्थ देवता. शिक्का मारणाऱ्या माणसाच्या रोज नजरेखाली असलेलं हे चित्र मृत्यूनंतरच्या दरबारालाही चपखल बसलं.

दुसऱ्या एका पाटीवर सुरुवातीला सांगितलेली वाट आहे: पुढे इश्नीकराब आणि लागामाल, खड्ड्यात शब्द उच्चारणारा इन्शुशिनाक, आणि तो ‘तोलणारा’. या एका शब्दावर बरीच चर्चा झाली आहे. काही अभ्यासकांना इथे माणसाचं पापपुण्य तराजूत तोललं जाण्याची कल्पना दिसते, इजिप्तसारखी. इतर जण एवढ्या तुटपुंज्या शब्दांवर तराजूचा अख्खा देखावा उभारायला तयार नाहीत. मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो, पण ‘तोलणारा’ तिथे आहे हे नाकारता येत नाही. ज्या शहरात चांदी तोलूनच प्रत्येक व्यवहार पुरा होत होता, तिथे शेवटच्या हिशोबालाही तोलणारा हवा, हे अगदी साहजिक वाटतं.

पाट्यांवर काय नाही, तेही पाहायला हवं. न्याय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चित्रगुप्ताची वही येते. इथे वही नाही. पापांची यादी नाही, नरकातल्या यातनांची वर्णनं नाहीत, चांगल्यांसाठी स्वर्ग नाही. निवाडा आहे, पण निवाड्यानंतर काय होतं याचं चित्र नाही. इंटरनेटवर एलामी नरकाची भडक वर्णनं वाचायला मिळाली तर ती इजिप्तमधून किंवा नंतरच्या पारशी ग्रंथांतून उचललेली आहेत असं समजावं.

शेजाऱ्यांपेक्षा वेगळं काय

मेसोपोटेमियात मेल्यानंतर सगळेच धुळीच्या, अंधाऱ्या प्रदेशात जात. तिथली राणी एरेश्किगाल. माणूस चांगला वागला की वाईट, यावर तिथलं सुखदुःख फारसं अवलंबून नसे. मागे राहिलेल्यांनी अन्नपाणी दिलं की नाही, यावर अवलंबून असे. एका सुमेरी काव्यात गिल्गामेश राजा पाताळातून वर आलेल्या एन्किदू या आपल्या सोबत्याला विचारतो, की एक मुलगा असलेल्या माणसाचं तिथे काय चाललं आहे, दोन मुलं असलेल्याचं काय. उत्तरांत मुलांची संख्या वाढत जाते तसतशी माणसाची स्थिती सुधारत जाते, आणि सात मुलांचा बाप धाकट्या देवांच्या पंक्तीत बसलेला असतो.

इजिप्तमध्ये नेमकं उलट. तिथे मेलेल्याचं हृदय तराजूच्या एका पारड्यात, आणि दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. बाजूला नोंद करणारा थोथ. मी चोरी केली नाही, मी खून केला नाही, असं मेलेला माणूस एकेक करून सांगतो. हृदय जड ठरलं तर ते गिळायला मगरीच्या तोंडाची अम्मित टपलेली असते.

सुसा या दोघांच्या मधे कुठेतरी येतं. किस्पुचं पाणी मेसोपोटेमियासारखं, निवाडा इजिप्तची आठवण करून देणारा. पण सुसाने हे इजिप्तकडून उसनं आणलं असं म्हणायची गरज मला वाटत नाही. ज्या देवासमोर आयुष्यभर शपथा घेतल्या, ज्याच्या छत्राला हात लावणं म्हणजे मरण, त्याच्याच दारात मेल्यावर जावं लागणार, हा विचार सुसाच्या मातीतूनच उगवू शकतो.

थडगी काय सांगतात

सुसात माणसं घरांच्या जमिनीखाली पुरली जात. भाजलेल्या विटांची कमानदार छताची थडगी असत आणि एकाच कुटुंबातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच थडग्यात ठेवली जात. इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासच्या काही थडग्यांत मृताच्या डोक्याशेजारी न भाजलेल्या मातीचं, रंगवलेलं डोकं ठेवलेलं सापडलं. पुरुषांची दाढी, बायकांची केशरचना, सगळं नीट घडवलेलं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ती आज पाहता येतात.

राजांच्या बाबतीत प्रकरण अधिक गूढ आहे. सुसाच्या आग्नेयेला चोघा झंबील इथे उन्ताश-नापिरिशा या राजाने इ.स.पू. चौदाव्या शतकात नवं पवित्र नगर वसवलं. मधे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा झिग्गुरात, त्याची एकेक बाजू 105 मीटर. नापिरिशा आणि इन्शुशिनाक या दोघांना तो अर्पण केलेला होता: डोंगराचा देव आणि मैदानाचा देव एकाच शिखरावर. रोमान गिर्शमन यांनी 1951 ते 1962 या काळात तिथे उत्खनन केलं. 1979 साली ते जागतिक वारसा स्थळ झालं. झिग्गुरातच्या भिंतीत ठरावीक थरांनंतर लेख कोरलेल्या विटांची ओळ येते, हजारो वेळा तोच मजकूर. त्यात राजा दीर्घायुष्य मागतो, वंश मागतो. मृत्यूनंतरचं काही मागत नाही.

पण तिथल्या राजवाड्याखाली कमानींची खोल तळघरं सापडली, आणि त्यांत बहुतेक मृतदेह जाळून मग ठेवलेले होते. एलाममध्ये आणि शेजारच्या मेसोपोटेमियात पुरण्याची रीत असताना राजघराण्यात दहन का? त्यातच एका तळघरात जळालेल्या अवशेषांशेजारी एका स्त्रीचा न जाळलेला सांगाडा होता. कारण कुठेही लिहिलेलं नाही.

उन्ताशची राणी नापिर-असू हिचा ब्राँझ आणि तांब्याचा पुतळा लूव्रमध्ये आहे. डोकं तुटलेलं, तरी वजन 1,750 किलो. तिच्या घागऱ्यावर शाप कोरला आहे. जो हा पुतळा हलवेल, फोडेल, माझं नाव पुसेल, त्याच्यावर नापिरिशा, किरिरिशा आणि इन्शुशिनाक यांचा कोप होवो, त्याचं नाव नष्ट होवो, त्याचा वंश खुंटो. नाव पुसलं जाणं हेच तिच्या लेखी सगळ्यांत मोठं मरण होतं.

इ.स.पू. बाराव्या शतकातल्या शिल्हाक-इन्शुशिनाक राजाने ‘सित शम्शी’ म्हणजे ‘सूर्योदय’ नावाचं ब्राँझचं एक लहानसं शिल्प घडवून घेतलं. दोन नग्न पुरुष उकिडवे बसले आहेत, एक दुसऱ्याच्या हातावर पाणी घालतो आहे. भोवती पायऱ्यांची वेदी, पाण्याचं पात्र, झाडं. पहाटेच्या पूजेचं हे दृश्य मृतांसाठीच्या विधीचं असावं असं काही अभ्यासकांचं मत आहे. त्यातली झाडं लक्षात ठेवावीत, कारण याच राजाने आपल्या लेखांत राज्यभरातल्या ‘राईतल्या देवळां’ची लांबलचक यादी दिली आहे.

मृतांनाही शिक्षा

इ.स.पू. 647च्या सुमारास उत्तर मेसोपोटेमियातल्या अ‍ॅसिरियाचा राजा अशुरबनिपाल सुसात शिरला. त्याने जे केलं ते स्वतःच अभिमानाने लिहून ठेवलं आहे. निळ्या झिलईच्या विटांचा झिग्गुरात पाडला, त्याच्या शिखरावरची चकचकीत धातूची शिंगं मोडली. इन्शुशिनाकला तो ‘गुप्त जागी राहणारा, ज्याची कृत्यं कुणी पाहिली नाहीत असा देव’ म्हणतो, आणि त्याला उचलून अ‍ॅसिरियाला नेतो. लागामालही त्या लुटीत होता. जिथे परका कधी पाऊल टाकत नसे त्या पवित्र राया त्याच्या सैनिकांनी पाहिल्या आणि जाळल्या.

त्यानंतर तो राजांच्या थडग्यांकडे वळला. जुन्या-नव्या सगळ्या राजांची थडगी उघडून त्याने ती उन्हात उघडी टाकली आणि हाडं अ‍ॅसिरियाला नेली. त्यांच्या आत्म्यांना मी अस्वस्थता दिली, त्यांचं अन्न आणि पाणी तोडलं, असं त्याचे लेख सांगतात.

हे वाचताना मला दरवेळी त्या मालमत्तेच्या दस्तातली अट आठवते. एका सामान्य माणसाने मेल्यानंतरच्या पाण्यासाठी शपथेवर करार केला होता. अशुरबनिपालला ते पाणी किती मोलाचं आहे हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याने ते तोडलं. जमिनीखालचा न्यायाधीश आणि त्याच्याकडे गेलेले राजे, दोघांनाही त्याने एकाच मोहिमेत जागेवरून उखडलं.

पुढे काय उरलं

एलाम त्या घावाने संपलं नाही. 1933 साली पर्सेपोलिस या पर्शियन राजधानीच्या तटबंदीत एलामी भाषेतल्या हजारो पाट्या सापडल्या. त्या इ.स.पू. 509 ते 493 या काळातल्या, दारयवहु (डॅरियस) या पर्शियन राजाच्या कारभारातल्या शिधावाटपाच्या नोंदी आहेत. त्यांत जुना एलामी देव हुंबान याच्या पूजेसाठी इराण्यांचा थोर देव अहुरमझ्दा याच्यापेक्षाही जास्त शिधा दिलेला दिसतो. राजघराण्यातल्या मृतांच्या स्मारकांपाशी नैवेद्य आणि राखणदार ठेवल्याच्याही नोंदी आहेत. इराणी राज्यकर्ते एलामी पुजाऱ्यांच्या आणि लेखनिकांच्या सहवासात वावरत होते.

इथे मुंबई-नवसारीच्या पारशी घरांची आठवण येते. मृत्यूनंतर तीन दिवस तिथे सरोश यझदासाठी प्रार्थना होतात, कारण तो आत्म्याची सोबत करतो. चौथ्या दिवशी पहाटे आत्मा चिन्वत पुलापाशी पोहोचतो. तिथे मिथ्र, सरोश आणि रश्नू न्याय करतात; रश्नूच्या हाती तराजू असतो. वाट, सोबत करणारी दैवी शक्ती, निवाडा, तोलणारा. साम्य पाहून कुणीही थबकेल, आणि काही अभ्यासकांनी त्यावरून एलामच्या प्रभावाची शक्यताही मांडली आहे.

मला ती शक्यता अर्धीच पटते. चिन्वत पूल जरथुष्ट्राच्या गाथांमध्येच आहे, आणि गाथांची भाषा पूर्वेकडच्या इराणी प्रदेशातली, सुसापासून फार लांबची. रश्नूचा तराजू मात्र आपल्याला ज्या पहलवी, म्हणजे नंतरच्या पारशी, ग्रंथांत ठळक दिसतो, ते सुसाच्या पाट्यांनंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी लिहिले गेले. पूल स्वतंत्रपणे जन्माला आला असेल आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवरची काही माणसं पश्चिमेकडून आली असतील, एवढं मी मान्य करीन.

एका शब्दाचा प्रवास मात्र पुराव्यासकट दाखवता येतो. दारयवहुचा मुलगा क्षयार्ष (झर्क्सीस) याने एक शिलालेख कोरवला. आपल्या राज्यात जिथे ‘दैवां’ची, म्हणजे खोट्या देवांची, पूजा होत होती तिथे आपण ती थांबवली आणि अहुरमझ्दाची पूजा सुरू केली, असं तो त्यात सांगतो. जिवंतपणी मी सुखी असावं आणि मेल्यावर पुण्यवंतांत गणला जावं, अशी इच्छाही त्यात आहे. या लेखाची एलामी आवृत्ती लिहिताना लेखनिकाला राजाच्या मनाईला देवाचा अधिकार जोडायचा होता. त्याने वापरलेला शब्द आहे कितेन. सुसाच्या खरेदीखतांत ज्याला हात लावणारा मरत असे, तेच छत्र हजाराहून अधिक वर्षांनी अहुरमझ्दाच्या हाती आलं होतं.